कोठीतली घोंगडी

छावणीत मामाच्या घरी दिवस उजाडायचा तो बिगुलानं. बिडकीनच्या अलीकडं आमची वस्ती होती, तिथं दिवस उजाडायचा मेंढरांच्या खोकण्यानं. मेंढरं खोकतात हे शहरातल्या माणसाला खरं वाटत नाही, पण पहाटेच्या गारठ्यात एखादी म्हातारी मेंढी खोकायला लागली की अंगणात कुणी पाव्हणा येऊन बसलाय असंच वाटतं. अकरावीला मी मामाकडं राहायला आले तेव्हा पहिले आठ दिवस बिगुल वाजला की अंथरुणात ताठ उठून बसायची. कुणीतरी आपल्यालाच बोलावतंय असं वाटायचं. मामी कूस न बदलता म्हणायची, "झोप गं कौसा, ते मिलिट्रीवाल्यायला हाय. तुला नाय." मग बेकरीच्या भट्टीचा वास यायचा, मागोमाग अजान, मागोमाग नळाला पाणी आलं म्हणून शेजारणींची भांडीकुंडी, आणि या सगळ्यावर कडी म्हणजे मामाचं खाकरणं. असे आवाज ऐकत मी दोन वर्षं त्या घरात वाढले. आज माझ्या फ्लॅटमध्ये सकाळी नुसती फ्रिजची घरघर असते, आणि मुलगी म्हणते, आई, किती शांत आहे ना! मी मान हलवते.

मामा म्हणजे मायचा धाकटा भाऊ. लष्कराच्या एका गोदामात कारकून होता. जगातल्या कुठल्याही गोष्टीचं त्याला ज्ञान होतं, आणि एखादं नसलं तर तो ते उभ्याउभ्या तयार करायचा. नुकताच त्यानं मोबाइल घेतला होता, आख्ख्या गल्लीत पहिला. घरात रेंज नाही म्हणून अंगणातल्या जुन्या पाट्यावर उभा राहून तो बोलायचा, आणि एवढ्या मोठ्यानं की पलीकडच्या माणसाला फोनशिवायही ऐकू गेलं असतं. मामीला त्याच्या ज्ञानाचं कौतुक नव्हतं. तिचं सगळं चित्त स्वयंपाकात. आमच्याकडं लग्नकार्याला येसराची आमटी करतात. धान्य आणि मसाले भाजून दळलेलं ते पीठ फोडणीत पडलं की शेजारची तीन घरं शिंकतात. मामी येसरासाठी कार्याची वाट पाहत नसे. मंगळवार आहे एवढं कारण तिला पुरायचं. लालभडक आमटी, त्यात कुस्करलेली भाकरी, तोंडी लावायला कांदा; आणि माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं की ती समाधानानं म्हणायची, "खा. शिकणाऱ्या पोरीला तिखटच पायजे."

कोठी मामाच्या घरापासून पाच मिनिटांवर होती. दगडी जोत्याची, कमानीच्या व्हरांड्याची, पुढं कडुनिंबांची रांग. कुणी तिला घोडेवाल्या साहेबाची कोठी म्हणायचं, कुणी नवाबाच्या जावयाची. तिथले पहारेकरी सलीमभाई म्हणायचे, "दोनों किरायेदार थे बेटी. असली मालिक तो ये चमगादडां हैं." वटवाघळं खरंच होती. कुण्या धनिक कुटुंबानं ती कोठी विकत घेतली, झाडूनपुसून घेतली आणि तिथं आधुनिक चित्रांचं संग्रहालय केलं. वटवाघळं गेली नाहीत. ती मागच्या खोल्यांत राहिली आणि चित्रं पुढच्या. शहराला याचा फारसा पत्ता नव्हता. अजिंठ्याला जाणारे परदेशी पाहुणे चुकूनमाकून यायचे, नाहीतर कॉलेजातली एखादी जोडी एकांत शोधत यायची. मीही पहिल्यांदा गेले ती पंख्यासाठी. रणरणतं ऊन, हातात पावाची पुडी, आणि आत उंच छताला लांब दांड्याचे पंखे गरगरताना दिसले. सलीमभाईंनी पुडी स्वतःकडं ठेवून घेतली आणि म्हणाले, जा, हवा खाके आ.

आत एका भिंतीवर वीतभर चित्र होतं. त्या चित्रात नुसती दुसरी एक भिंत होती, तिच्यावर एक खिळा आणि खिळ्याची लांब सावली. बस्स, एवढंच. मी ते पाहिलं आणि मला रडू आलं. का आलं, हे पुढं इतकी वर्षं चित्रकलेत घालवूनही मला धड सांगता येत नाही. आमच्या घरातही असा एक खिळा होता, त्याला आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, पटका असायचा आणि दुपारी त्याची सावली अशीच लांब पडायची. पण तो खिळा पाहण्यासारखा आहे हे मला कुणी सांगितलं नव्हतं. त्या दिवसापासून मी वह्यांच्या मागच्या पानांवर दिसेल ते काढायला लागले. कड्या, चपला, पाट्यावर उभा असलेला मामा, भाकरी थापणाऱ्या मामीची पाठ. मामीनं स्वतःची पाठ पाहिली, म्हणाली, "मी एवढी रुंद हाय व्हय?" आणि दोन दिवस तिनं भात सोडला.

बारावीचा निकाल लागला. आबांच्या मनात डी.एड. होतं. पैठणला शिकायचं, बिडकीनच्या शाळेत लागायचं, संध्याकाळी घरी यायचं. माझं सगळं आयुष्य त्यांनी वस्तीवरून हाक ऐकू जाईल एवढ्या अंतरात बसवलं होतं. मला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं. फॉर्मची मुदत संपत आलेली, आबा मेंढरं घेऊन वैजापूरकडं गेलेले, आणि पालकाच्या सहीची जागा रिकामी. मी काय केलं ते सांगून टाकते. ती सही मी केली. आबांची सही म्हणजे साधी गोष्ट नव्हती. प्रौढ शिक्षणाच्या वर्गात ते तेवढंच शिकले होते, 'बाळू गेनू', आणि ते लिहिताना प्रत्येक अक्षरापाशी दम खायचे. मी ती चार वेळा रद्दीवर काढून पाहिली आणि पाचव्यांदा फॉर्मवर केली. मामा शेजारी उभा होता. "मी काही पाहिलं नाही," असं म्हणून फॉर्म तोच जाऊन देऊन आला. पुढं प्रवेशपरीक्षेचं कार्ड आलं, तेही त्यानंच येसराच्या डब्यामागं लपवलं.

एक खोटं लपवायला दुसरं लागतंच. आबा परत आले तेव्हा मी त्यांना सांगितलं, चित्रकलेचा कोर्स केला की सरकारी नोकरी ठेवलेलीच. आबांनी पटका सारखा केला. मग म्हणाले, "आदी मला दाखव, काय आसतंय ते. डोळ्यानं पाह्यल्याबिगर मी सही करत नसतो." परीक्षा सोमवारी होती. ते शनिवारी कोठी पाहायला यायचे ठरले. हो म्हणाले तर एका कोऱ्या फॉर्मवर त्यांची सही घ्यायची आणि तो फॉर्म गुपचूप फाडून टाकायचा, असा माझा आणि मामाचा बेत होता. नाही म्हणाले तर काय, याचा बेत दोघांकडंही नव्हता. त्यांचा शब्द मोडून मी परीक्षेला गेले नसते. तेवढं धाडस माझ्यात नव्हतं, आणि खरं सांगायचं तर आबांवर तेवढा रागही नव्हता.

शनिवारी काळी-पिवळी जीपमधून तिघं उतरले. आबा, माय आणि आबांची थोरली बहीण, आमची आत्या. आत्याला कुणी बोलावलं नव्हतं. "बाळ्या एकला काय पाहील?" असं म्हणून ती सगळ्यांच्या आधी जीपमध्ये जाऊन बसली होती. आबांनी धुवट धोतर नेसलेलं, पांढराशुभ्र पटका, आणि चेहऱ्यावर कोर्टात साक्षीला आलेल्या माणसाचा भाव. मायच्या हातात भाकरीचं फडकं. घरी मामीनं येसर केलंय असं मी सांगून पाहिलं, पण "वाटंत भूक लागली तर?" या तिच्या प्रश्नाला आजवर कुणी उत्तर दिलेलं नाही. मामा इस्त्रीचा शर्ट घालून आला होता, खिशातला मोबाइल अर्धा बाहेर दिसेल असा.

कोठीच्या दारातच आबांनी चपला काढल्या. आत्यानं आणि मायनंही काढल्या. सलीमभाई म्हणाले, "पैनके चलो चाचा, चलता." आबा म्हणाले, "दुसऱ्याच्या घरात?" सलीमभाईंनी तिन्ही जोड उचलून खुर्चीखाली नीट मांडून ठेवले.

पहिल्याच खोलीत माझं नशीब फुटलं. समोर भिंतभर पांढरं चित्र. पांढऱ्यावर पांढरं, दुसरं काही नाही. आबा त्याच्यापुढं हात मागं बांधून उभे राहिले.

"हे व्हायचंय का?" त्यांनी विचारलं.

"झालंय, आबा."

"कवा?"

मी काही बोलायच्या आत मामा पुढं सरसावला. "दाजी, हे मॉडर्न आहे. यात समजायचं नसतं, लांबून बघायचं असतं. असं मागं या. अजून मागं." असं म्हणत तो स्वतःच मागं मागं गेला आणि पितळेच्या एका उभ्या बाईवर आदळला. वळून तो तिला घाईघाईनं "सॉरी मॅडम" म्हणाला. त्या बाईला डोकं नव्हतं. आत्यानं तिच्याकडं निरखून पाहिलं आणि म्हणाली, "हिचं बी काम आर्ध्यातच सोडलंय. मजूर पळून गेले काय की."

माय चित्रं बघतच नव्हती. ती कोठी बघत होती. भिंतींची जाडी तिनं वितीनं मोजली, खिडकीच्या कोनाड्यात एक माणूस आरामात निजेल असा निवाडा दिला, आणि छताकडं पाहून काळजीनं म्हणाली, "एवढ्या उंचावरचं जाळं कोण काढतंय गं?" पुढं कितीतरी वर्षं कोठी म्हटलं की तिला तेवढंच आठवायचं.

दुसऱ्या खोलीत मेंढरांचं चित्र होतं. मला हायसं वाटलं. आता तरी आबांना ओळखीचं काही दिसेल. आबांनी ते खूप वेळ पाहिलं, जवळ गेले, बाजूनं पाहिलं, आणि हळू आवाजात मला म्हणाले, "कौसा, ही मेंढी हाय का मेंढा?"

"मेंढी असेल."

"मग कास पुढच्या पायात कामून?"

"आजारी आसंल," आत्या म्हणाली.

"आजारी आसली तर मालकाला सांगाया पायजे." आबा खरोखर अस्वस्थ झाले होते. "ह्या माणसानं मेंढरू पाह्यलंच नाय, पोरी. नुसतं ऐकलंय." चित्राची चेष्टा करायची असती तर मी भांडले असते. पण त्यांना त्या मेंढीची काळजी वाटत होती, तिथं काय बोलणार? शेवटचा उपाय म्हणून मी त्यांना माझ्या खिळ्याच्या चित्रापुढं नेलं. आबांनी पाहिलं. "खिळा ढिला हाय," म्हणाले आणि पुढं गेले. मी मनातल्या मनात डी.एड.ची पुस्तकं उघडली.

मधल्या दिवाणखान्यात आठवडाभरापूर्वी नवीन मांडणी केली होती, ती मीही पाहिलेली नव्हती. मोठं रिकामं दालन, आणि जमिनीवर बरोब्बर मधोमध एक काळी घोंगडी अंथरलेली. वरून एकाच दिव्याचा उजेड. भोवती खडूची पांढरी रेघ. भिंतीवरच्या पाटीवर लिहिलं होतं, 'अनुपस्थिती', आणि खाली बारीक अक्षरांत, 'लोकर, प्रकाश, खडू'. मी पाटी वाचून वळले तोवर उशीर झाला होता.

आमच्यात घोंगडी कुणी उगाच अंथरत नाही. अंथरली म्हणजे पाव्हण्याला बस म्हटलं. तिला वळसा घालून जाणं म्हणजे घरधन्याच्या तोंडावर त्याचा पाहुणचार नाकारणं, आणि असं करणाऱ्याची गोष्ट पुढं दोन पिढ्या सांगतात. आबांनी घोंगडी पाहिली आणि सकाळपासून आक्रसलेला त्यांचा चेहरा मोकळा झाला. एवढ्या खोल्या हिंडवल्यावर या घरच्या माणसांनी शेवटी बसायला दिलं होतं. त्यांनी वाकून घोंगडीला हात लावला, तो कपाळाला लावला, आणि ऐसपैस मांडी घालून बसले. आत्या बसली. माय बसली आणि तिनं फडक्याची गाठ सोडली.

"आबा, उठा, ते चित्र आहे," मी कुजबुजले.

"चित्र कुठंय? घोंगडी हाय."

"तेच चित्र आहे."

"खुळी का काय तू," आत्या म्हणाली. "बस खाली. पाव्हण्यानं उभं ऱ्हाऊ नाय."

सलीमभाई धावत आले. "अरे चाचा, उठो उठो, उसपे बैठने का नै! वो आर्ट है!" आबांना तो आग्रह वाटला. ते हात जोडून म्हणाले, "व्हय व्हय, बसलो. तुमीबी या," आणि मायनं चतकोर भाकरीवर ठेचा ठेवून त्यांच्यापुढं धरली. सलीमभाईंनी माझ्याकडं पाहिलं, भाकरीकडं पाहिलं, भाकरी घेतली, आणि "मैं मॅडम को बुलाता" असं तोंडातल्या तोंडात म्हणत जिना चढले.

तेवढ्यात आत्यानं कांदा जमिनीवर ठेवून बुक्की मारली. त्या रिकाम्या दालनात असा आवाज घुमला की शेजारच्या खोल्यांतली माणसं धावत आली. नेमकी त्या दिवशी कुठल्याशा कॉलेजची सहल आली होती, पंधरावीस मुलं-मुली आणि त्यांचे सर, शिवाय एक परदेशी जोडपं. सगळे खडूच्या रेघेबाहेर थांबले. सरांनी पाटी वाचली, आमच्याकडं पाहिलं, पुन्हा पाटी वाचली आणि दबक्या आवाजात मुलांना म्हणाले, "बघा, शीर्षक आणि कृती यातला ताण लक्षात घ्या." मुलांनी वह्या काढल्या. परदेशी बाईंनी हात जोडले. मी रेघेच्या आत उभी होते, आणि जमीन दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला मनापासून वाटत होतं.

"हे कामून उभे ऱ्हायलेत?" आत्यानं विचारलं. "जेवले नाय का?" तिनं हात करून सगळ्यांना बोलावलं. कुणी हललं नाही. एक मुलगी तिचं चित्र काढायला लागली होती. ते दिसताच आत्यानं डोक्यावरचा पदर सारखा केला आणि कांदा खायचा थांबवून ताठ बसली.

मग मॅडम आल्या. संग्रहालय त्याच सांभाळायच्या. पन्नाशीच्या, आखूड पिकलेले केस, सुती साडी. त्या दालनात एका वेळी चारांहून जास्त माणसं मी कधी पाहिली नव्हती, बहुधा त्यांनीही नसतील. सलीमभाई पुढं व्हायला लागले तसा त्यांनी हात आडवा धरला. मी रडकुंडीला येऊन माफी मागायला लागले, पण त्यांचं लक्ष आबांकडं होतं.

"बसा बाई," आबा म्हणाले. "फकस्त एक हाय. घोंगडीवर बसून खोटं बोलायचं नसतं. आमच्यात तंटे हिच्यावरच मिटत्यात."

मॅडमनी चपला काढल्या आणि रेघ ओलांडून येऊन बसल्या.

"मग खरं सांगा," आबा म्हणाले, "हितली चित्रं तुमाला कळत्यात का?"

मॅडमनी मुलांकडं पाहिलं, सरांकडं पाहिलं, सलीमभाईंकडं पाहिलं. "सगळी नाही कळत," त्या म्हणाल्या.

"किती कळत्यात?"

"चारांतलं एखादं."

सर खोकले. आबांना मात्र बाईंचं बोलणं आवडलं. "पाव्हणं, तुमीबी बसा की," त्यांनी मामाला हाक मारली. मामा रेघेबाहेर एका पायावर उभा होता. "नको दाजी, गुडघा धरलाय," तो म्हणाला, आणि खिशातला मोबाइल न वाजताच कानाला लावून "हॅलो, हॅलो" करत व्हरांड्यात निघून गेला. तेव्हा मला मामाचा राग आला होता. आता वाटतं, त्या दालनात त्या क्षणी सगळ्यांत शहाणा माणूस तोच होता.

"कौसा, बस," आबा म्हणाले.

मी बसले. पायाला लोकर टोचत होती. मी लहानपणापासून पाहिलं होतं, चोरलेल्या कोकरासाठी गावभर शपथा खाणारी माणसं घोंगडीवर बसली की खाली मान घालून खरं बोलायची. देवाच्या भीतीनं म्हणा, सवयीनं म्हणा. मला दोन्ही होतं.

"सरकारी नोकरी लागती म्हणलीस. लागती का?"

"नाही, आबा. कुणाला लागत असेल, पण ठेवलेली नसते. बहुतेक नाहीच लागणार." तिथंच थांबायचं होतं, पण एकदा सुटलेली जीभ आवरेना. "आणि फॉर्म मी आधीच भरलाय. तुमची सही मीच केली."

मायचा हात भाकरीवर थांबला. आबांनी माझ्यावर कधी हात उचलला नव्हता. ते गप्प बसायचे, आणि त्यांचं गप्प बसणं आठवडा आठवडा चालायचं. ते आता सुरू होणार म्हणून मी डोळे मिटून घेतले.

"कशी केली?" आबा म्हणाले.

"चोरून."

"ते कळलं. कशी केली, दाखव."

मी पिशवीतला कोरा फॉर्म काढला, गुडघ्यावर ठेवला आणि पालकाच्या जागेवर 'बाळू गेनू' लिहिलं. आबांनी कागद लांब धरून पाहिला, मग जवळ धरून पाहिला. मग माझ्या हातातला पेन घेतला आणि माझ्या सहीखाली स्वतःची सही करायला बसले. प्रत्येक अक्षरापाशी थांबत, दम खात. पंधरावीस मुलं, सर, ते परदेशी जोडपं, सलीमभाई, सगळे माना पुढं करून उभे. सही झाली तसा त्यांनी कागद मॅडमपुढं धरला.

"हिची बरी आली," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता, उलट थोडा अभिमानच होता, आणि तो लपवायचं त्यांच्या लक्षात राहिलं नव्हतं. "मपला 'ळ' दरखेपी आडवा पडतो. हिनं उभा केलाय."

मॅडमनी दोन्ही सह्या नीट पाहिल्या. "हिची बरोबर आहे," त्या म्हणाल्या. "चांगली तुमची आहे."

"घोंगडीवर बसलात बाई."

"म्हणूनच सांगते."

चित्रकलेविषयी पुढं मी पुष्कळ पुस्तकं वाचली, पुष्कळ मोठ्या माणसांची भाषणं ऐकली. एवढं नेमकं कुणी बोललं नाही.

मला वाटलं, सुटलो. पण आत्या आबांपेक्षा सहा वर्षांनी मोठी होती आणि तिला अर्धवट काम आवडत नसे. तिनं कांद्याचा हात पदराला पुसला. "बाळ्या, पोरीनं कबूल केलं. आता तू बोल. तूबी घोंगडीवरच हायस. नोकरीचं जाऊ दे. पोरीला कामून अडवतूस?"

आबा घोंगडीच्या काठाची दशी बोटाला गुंडाळत राहिले. गुंडाळायची, सोडायची. शेवटी बोलले ते मान वर न करता.

"ल्हान व्हती तवा कोळशानं भिताडावर मेंढरं काढायची. मला बोलवून न्यायची. मी सांगायचो, ही लंगडी, ही तांबडी, हिला औंदा जुळं झालं. मला समदं कळायचं. आता खिळा काढती, कडी काढती. मला काय बोलावं तेच सुचत नाय. तिथं गेली की आजून लांब जाईल. मग घरी येऊन म्हणली, आबा, पाहा, तर मी काय म्हणू? येड्यावानी बसून ऱ्हाऊ?"

मी रडायला लागले. दोन वर्षं मी समजत होते की आबांना चित्रं आवडत नाहीत, आबांना नोकरी हवी आहे, आबा जुन्या वळणाचे आहेत. माझ्याशी काय बोलावं याची त्यांना भीती वाटत होती, हे माझ्या मनात एकदाही आलं नव्हतं. मी तशीच सगळ्या लोकांसमोर नाक पुसत बसले.

आता मायनं तोंड उघडलं. ती भाकरीचा तुकडा मोडत म्हणाली, "कळलं नाय तर नाय कळलं म्हणा. मला तुमचं निम्मं बोलणं कळत नाय. संसार झालाच ना?"

आबा हसले. आत्या तर अशी हसली की तिला ठसका लागला आणि सलीमभाई पाणी आणायला पळाले.

"परीक्षा कवा हाय?" आबांनी विचारलं.

"सोमवारी."

"जा मग." त्यांनी दशी बोटावरून सोडवली. "पण जे काढशील ते घरी आणायचं, आन् काय काढलं ते मला सांगायचं. कळलं नाय तरी सांगायचं. मी ऐकून व्हय म्हणंन."

एवढं बोलून ते उठले, तशी मुलांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, कार्यक्रम संपला. आबांनी अवघडून पटक्याला हात लावला. त्या मांडणीच्या कलावंताला ही हकिगत कळली तेव्हा तो रागावला म्हणतात. मॅडमनी त्याला काय सांगितलं ते मला माहीत नाही.

मला प्रवेश मिळाला. पुढं आबा होते तोवर मी प्रत्येक चित्र वस्तीवर नेलं. एसटीच्या टपावर, जीपच्या मागं बांधून, नंतर स्वतःच्या गाडीतून. आबा घोंगडी अंथरायचे, मी चित्र भिंतीला टेकवून सांगायची, आणि ते शेवटपर्यंत ऐकून "व्हय" म्हणायचे. त्यांना किती कळायचं ते मी कधी विचारलं नाही. एकदाच ते "नाय" म्हणाले. त्या चित्राला पुण्यात बक्षीस मिळालं होतं, पेपरात फोटो आला होता, आणि मी ते फार तोऱ्यात घेऊन गेले होते. मला राग आला. मी न जेवताच परत निघाले. घरी येऊन ते चित्र पुन्हा समोर ठेवलं आणि रात्रीपर्यंत बघत बसले. आबांचं बरोबर होतं. त्यात एकही रेघ खरी नव्हती.